शाळेचे ग्रंथालय आणि शोधाची सवय

मुलाने प्रश्न विचारताच घरातील वडील माणसांनी उत्तर देऊन टाकावे, यात वात्सल्य आहे. शिक्षण आहेच असे नाही. उत्तरांना आज तोटा नाही. खिशातील मोबाईल ते क्षणार्धात दाखवितो आणि संगणक तर सबंध निबंधही रचून देतो. दुर्मिळ झाली आहे ती उत्तर पारखून घेण्याची सवय. ही सवय लावण्याचे शाळेतील खरे स्थान म्हणजे ग्रंथालय होय.

परंतु कित्येक शाळांतून ग्रंथालय म्हणजे चार कुलूपबंद कपाटे, आणि ग्रंथालयाचा तास म्हणजे गोष्टीचे एक पुस्तक घेणे व दुसरे परत करणे, एवढाच अर्थ उरला आहे. गोष्टींची गोडी लागणे इष्टच. तथापि ग्रंथालयाचे कार्य तेथे संपत नाही. ते कोठवर जाऊ शकते, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल.

समजा, आठवीतील एका मुलीला शिवाजी महाराजांवर निबंध लिहावयाचा आहे. ड्यूई यांनी १८७६ साली प्रसिद्ध केलेल्या दशांश वर्गीकरणाप्रमाणे ९५४ या अंकाखाली भारताचा इतिहास असतो, एवढे तिला ठाऊक आहे. त्या फळीवरून ती दोन पुस्तके काढते. एकात महाराजांचा जन्म वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९, म्हणजे इ. स. १६२७ मध्ये झाल्याचे आढळते. दुसऱ्यात फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० ही तिथी दिलेली असते. मुलगी गोंधळते व विचारते, “यांतले कोणते लिहू?” बहुधा तिला सांगण्यात येते, “१६३० लिही.” गुण मिळतात आणि विषय संपतो. जाणता ग्रंथपाल मात्र उत्तर न देता तिलाच चार प्रश्न विचारील.

पहिला प्रश्न : पुस्तक केव्हा छापले? ग्रँट डफ यांचा मराठ्यांचा इतिहास १८२६ सालचा. त्यात १६२७ हेच वर्ष आहे. कारी येथील जेधे देशमुखांच्या घराण्यातील शकावली लोकमान्य टिळकांनी प्रसिद्ध केली ती १९१६ साली. जो पुरावा नव्वद वर्षांनी छापला गेला, तो ग्रँट डफ यांच्यापुढे असणार कसा? जुना ग्रंथकार खोटे बोलला नाही. त्याच्यापाशी साधन नव्हते. मुखपृष्ठामागील प्रकाशनवर्ष पाहावयाचे ते याकरिता.

दुसरा प्रश्न : लेखकाने हे कशावरून लिहिले? कित्येक बखरी घटनेनंतर पिढ्या लोटल्यावर लिहिल्या गेल्या. शकावली ही मिती देऊन केलेल्या नोंदींची यादी असते. पणजोबांची जन्मतिथी पणतूने ऐकीव सांगणे निराळे आणि घरातील जुन्या वहीत ती टिपलेली सापडणे निराळे. हा भेद मुलांना सहज उमगतो.

तिसरा प्रश्न : याला दुसरा स्वतंत्र साक्षीदार आहे काय? महाराजांच्या हयातीत कवींद्र परमानंदाने रचलेले ‘शिवभारत’ स. म. दिवेकर यांना तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मिळाले व १९२७ साली प्रसिद्ध झाले. त्यातही शके १५५१ ची तीच तिथी आहे. एक साधन मावळातले, दुसरे शेकडो कोस दूर तंजावरचे. दोहोंचा मेळ बसला. उलट, एकाच पुस्तकावरून दहांनी उतरवून घेतले तर साक्षीदार दहा होत नाहीत, एकच राहतो.

चौथा प्रश्न : आपला हिशेब बरोबर आहे ना? शकात ७८ मिळविले की इसवी सन येतो, असे मुले शिकतात. १५५१ अधिक ७८ म्हणजे १६२९! पण फाल्गुन येईपर्यंत इंग्रजी वर्ष पालटलेले असते, म्हणून येथे ७९ मिळवावे लागतात. ग्रंथकारांना पारखणाऱ्याने स्वतःलाही पारखले पाहिजे.

एवढे झाल्यावर ती मुलगी १६३० हेच लिहील. परंतु आता ते तिचे स्वतःचे ज्ञान असेल, आणि कोणत्या ग्रंथाच्या कोणत्या पृष्ठावरून घेतले हेही ती खाली नोंदवील.

कोणी म्हणेल, अशाने मुले थोरामोठ्यांवर अविश्वास ठेवू लागतील. भीती अनाठायी आहे. महाराजांची जन्मतिथी शोधणारे संशोधक महाराजांचे निस्सीम भक्तच होते. भक्तीनेच त्यांना दप्तरे धुंडाळावयास लाविले. दुसरी अडचण खरी आहे : अभ्यासक्रमाच्या धावपळीत वेळ नसतो, आणि ग्रंथपालाकडे इतर कामेच पुष्कळ सोपविलेली असतात. परंतु वर्षातून असा एकच प्रश्न घेऊन इतिहासाचे शिक्षक व ग्रंथपाल यांनी चार तास मिळून खर्चिले, तरी ते वाया जाणार नाहीत. कारण हेच चार प्रश्न उद्या ती मुलगी मोबाईलवर आलेल्या औषधाच्या जाहिरातीला विचारील, दंगलीच्या अफवेला विचारील आणि संगणकाने रचलेल्या सफाईदार उत्तरालाही विचारील. ज्याला ते विचारता येत नाहीत, त्याला कोणीही फसवावे.

घरच्या माणसांच्या हातीही थोडे आहे. मूल शाळेतून आल्यावर “किती गुण मिळाले?” या प्रश्नाच्या जोडीला “हे तुला कोठे सापडले?” एवढेही त्याला विचारावे, आणि उत्तर देता आले नाही, तर त्याच्यासह जवळच्या ग्रंथालयाची पायरी चढावी.