माणिक घेताना विचारा

(बराकपूर येथील रेल्वे कामगारांच्या मेळाव्यात युनियनच्या सचिवांनी केलेले भाषण)



बराकपूर म्हटले की मंगल पांडे आठवतात. पण त्यांच्याही आधी, नोव्हेंबर १८२४ मध्ये, इथल्या ४७व्या पलटणीला ब्रह्मदेशाच्या लढाईवर जाण्याचा हुकूम झाला. सामान वाहायला बैल द्या, नाहीतर दुप्पट भत्ता द्या, एवढीच शिपायांची मागणी होती. कंपनी सरकारने तोफा डागल्या.

पुढे १८८५ मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला गादीवरून काढले व आमच्या रत्नागिरीत आणून ठेवले. तिथेच तो १९१६ मध्ये वारला. त्याच्या राज्यातील मोगोकच्या माणकांच्या खाणींचा ठेका १८८९ मध्ये लंडनच्या कंपनीला मिळाला. राज्य गेले, त्यापाठोपाठ खाणीही गेल्या!

आजही तेच चालले आहे. १ फेब्रुवारी २०२१ रोजी तिथे लष्कराने सत्ता बळकावली व १६ कामगार संघटना बेकायदा ठरवल्या. रत्नांच्या धंद्याचा पैसा लष्कराला मिळतो. २०२४ मध्ये मोगोक एका सशस्त्र गटाने जिंकले. खाण ज्याच्या ताब्यात, बंदुकीचा पैसा त्याच्याकडे. जून २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने कलम ३३ खाली म्यानमारविरुद्ध ठराव केला.

हिऱ्यांसाठी २००३ पासून किंबर्ले प्रमाणपत्राची पद्धत आहे. ती फक्त कच्च्या हिऱ्यांना लागू आहे, आणि तीही बंडखोरांपुरतीच. सरकारी फौजेचा जुलूम तिच्यात बसत नाही. माणकाला तर तेवढेही नाही. दुकानदाराचा कागद खडा अस्सल आहे एवढेच सांगतो, पैसा कोणाला गेला ते सांगत नाही.

आपल्यातले कितीतरी जण ज्योतिषाच्या सांगण्यावरून माणकाची अंगठी घालतात. श्रद्धेवर मला बोलायचे नाही. खडा कुठल्या खाणीतला, एवढे मात्र विचारा. उत्तर मिळाले नाही तर घेऊ नका.

कोणी म्हणेल, माझ्या एका अंगठीने काय होणार? बंधूंनो, एकट्याच्या वर्गणीवर युनियन चालत नाही, म्हणून आपण वर्गणी द्यायचे सोडतो काय? कोणी म्हणेल, खाणीतल्या मजुराच्या पोटाचे काय? प्रश्न रास्त आहे. म्हणूनच नुसते न घेणे पुरेसे नाही. आयात होणाऱ्या प्रत्येक खड्यासोबत खाणीचा दाखला हवा, अशी मागणी आपण सरकारकडे लावून धरली पाहिजे. प्रत्येक शाखेने तसा ठराव करावा, ही माझी विनंती.

कामगार एकजुटीचा विजय असो!