वाफसा आणि बाळंतपण

(तुंगार्ली, लोणावळा येथील कार्यकर्ता शिबिरातील भाषण)



इथं तुंगार्लीला पावसाची ददात नाही. आपल्या कापूस-ज्वारीच्या मुलखात मात्र दोन पावसांमधला वाफसा साधावा लागतो. वाफसा आल्यावर तिफण शोधत फिरणारा शेतकरी कुणी पाहिलाय? बियाणं, बैल, माणूस सगळं आधी तयार असतं. वेळ गेली की पेरा गेला. मग घरातली बाई दिवसांत असताना गाडी कुणाची, पैसा कुठला, रक्त कोण देणार, हे कळा सुरू झाल्यावर का विचारतो?

‘बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म’ म्हणून आपण सगळं देवावर टाकतो. पण बाई नशिबानं मरत नाही. बाळ जन्मल्यावर गर्भपिशवी नीट आवळली नाही, तर धडधाकट बाईसुद्धा रक्त जाऊन दोन तासांत संपू शकते. त्यावर ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन आहे. रक्तदाब वाढला की डोकं ठणकतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, झटके येतात. त्यावर मॅग्नेशियम सल्फेट आहे. मूल आडवं असेल तर शस्त्रक्रिया आहे. औषध आहे, ते देणारा शिकलेला हात वेळेवर पाहिजे. आणि रक्तस्राव कुणाला होईल, हे आधी सांगता येत नाही. पहिली दोन घरीच सुखरूप झाली, ही तिसऱ्याची हमी नव्हे.

उशीर तीन ठिकाणी होतो. घरात निर्णयाला, वाटेत गाडीला, दवाखान्यात उपचाराला. पहिला उशीर सर्वस्वी आपला आहे. सासरा शेतावरून येईपर्यंत बाईनं थांबायचं, हे बंद करा.

जामखेडही आपल्यासारखाच ज्वारीचा, दुष्काळी मुलूख. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे तिथं आले. त्यांनी गावातल्याच, बऱ्याचशा निरक्षर बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. जोखमीची बाळंतीण ओळखून वेळेत दवाखान्यात धाडायला त्या शिकल्या. महाराष्ट्रात २००४-०६ मध्ये लाख जिवंत जन्मांमागे १३० माता दगावत. २०१८-२० मध्ये हा आकडा ३३ वर आला. बायकांचं नशीब पालटलं नाही, व्यवस्था पालटली.

उरलेल्या ३३ जणीही कुणाच्या तरी लेकी आहेत. २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त आणि नेण्या-आणण्याची गाडी मोफत आहे. ही भीक नाही, हक्क आहे. कापसाच्या भावासाठी आपण रस्ता अडवतो. आरोग्य केंद्राला रात्री कुलूप दिसलं, तर तिथंही बसायला हवं.

घरी गेल्यावर एवढं करा. गावात कोण दिवसांत आहे, याची आशाताईंकडे चौकशी करा. प्रत्येकीसाठी गाडी आणि रक्त देणारे दोघे आधीच ठरवा. सातव्या महिन्यानंतर तिच्या डोक्यावर कापसाचं गाठोडं देऊ नका. लोहाच्या गोळ्या ती घेते का, तेही पाहा.

पेरणीची तयारी मृगाच्या आधी होते. ही तयारी कळांच्या आधी झाली पाहिजे.