तक्रारवहीची झाडलोट

इतिहासाचार्य राजवाडे यांचें देहावसान ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळें येथें झालें. पुढच्याच वर्षीं तेथें त्यांच्या नांवानें संशोधन मंडळ निघालें आणि त्यांनीं गांवोगांव हिंडून जमविलेलीं दप्तरें सांभाळूं लागलें. जुन्या दप्तराचा नियम असा कीं, कागद जीर्ण झाला एवढ्यानें तो टाकावयाचा नसतो. तो वाचून, कोठला तें ठरवून, योग्य रुमालांत बांधावयाचा असतो. आजच्या एका नव्या दप्तरासही हाच नियम लागू पडतो.

हें दप्तर म्हणजे मुक्त संगणक-प्रणालींची तक्रारवही होय. जाणते तिला बग ट्रॅकर म्हणतात. मुक्त प्रणालीची घडण कोणासही पाहतां येते व सुधारतां येते. वापरणारास दोष आढळला कीं तो या वहींत नोंदवितो आणि त्या नोंदीस क्रमांक मिळतो. मोझिला प्रकल्पानें १९९८ सालीं बगझिला नांवाची अशी वही सर्वांस खुली केली. २०१४ सालीं तिच्यांतील क्रमांकांनीं दहा लाखांचा आंकडा ओलांडला.

वही फुगण्याचीं कारणें साधीं आहेत. एकच दोष दहाजण दहा वेळां लिहितात. कोणी ‘चालत नाहीं’ एवढेंच लिहून मोकळा होतो. कांहीं दोष केव्हांच दुरुस्त झालेले असतात, पण नोंद तशीच राहते. झाडलोट करणारानें जोडनोंदी मूळ नोंदीस बांधाव्या, अपुऱ्या नोंदीच्या लेखकास प्रश्न विचारावा, आणि जुना दोष नव्या आवृत्तींत स्वतः करून पाहावा. तो दिसला तर तारीख व आवृत्ति लिहावी. न दिसल्यास कारण देऊन नोंद मिटवावी.

याहून जवळची वाट म्हणजे वय पाहून नोंदी मिटविणें. फेडोरा प्रकल्पांत प्रत्येक आवृत्तीची देखभाल सुमारें तेरा महिने चालते. नंतर तिच्यावरील उरलेल्या नोंदी, आगाऊ सूचना देऊन, बंद होतात. दोष नव्या आवृत्तींतही असेल तर तसें कळवून नोंद जिवंत ठेवतां येते. स्वयंसेवक थोडे आणि तक्रारी अफाट. तेव्हां हा नियम अन्यायाचा म्हणतां येत नाहीं. परंतु सूचना वाचणाराच कोणी नसला, तर तक्रार जाते आणि दोष राहतो.

मराठीचा तोटा येथेंच होतो. ‘आचार्यांना बोलवा’ आणि ‘आचाऱ्यांना बोलवा’ यांत एका अर्ध्या र-काराचाच फरक आहे. पण पहिल्यानें गुरुजी येतात आणि दुसऱ्यानें स्वयंपाकी! ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांचीही तीच गत. एखाद्या टंकांत हा र-कार नीट उमटत नाहीं अशी तक्रार आली, तर मराठी न जाणणारा तपासनीस, कितीही प्रामाणिक असला, तरी दोन्ही रूपें एकच समजून ती मिटवूं शकेल. तेथें प्रोग्रॅम लिहिणाराइतकाच भाषा जाणणारा हवा.

फेडोराच्या स्वयंसेवकांचें संमेलन २०११ सालीं पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत भरलें होतें. परंतु या कामासाठीं पुण्यास जाण्याचें कारण नाहीं. जळगांवचें विद्यापीठ १९९० सालीं स्थापन झालें. आज तें कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचें नांव धारण करतें. जळगांव-धुळ्याकडे संगणक शिकणारीं मुलें थोडीं नाहींत. त्यांनीं आठवड्यास एक तास देऊन पांच नोंदी तपासल्या तरी तें काम लहान नव्हे.

मिटविलेली नोंदही वायां जात नाहीं. जिनांत कापसांतून सरकी निराळी काढतात, पण ती उकिरड्यावर टाकीत नाहींत. तिचें तेल निघतें, ढेप गुरांस जाते. तसेंच मिटविलेल्या नोंदीखालीं लिहिलेलें कारण पुढच्याच्या उपयोगीं पडतें. म्हणून कारण दोन ओळींत, पण स्पष्ट लिहावें, आणि ज्यानें दोष कळविला त्याचे आभार मानावे. म्हणजे पुढचा दोषही तो कळवील.