पडदा उघडण्यापूर्वींचा कौल

इ. स. १८३३ च्या एप्रिलच्या १० तारखेस लंडनच्या कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहांत शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'चा प्रयोग लागला. नाटकाचा नायक काळ्या वर्णाचा मूर, आणि त्या रात्रीं ती भूमिका करणारा इरा ऑल्ड्रिज हा नटहि जन्मानेंच काळ्या वर्णाचा होता. एडमंड कीन हा विख्यात नट हीच भूमिका करतांना रंगभूमीवर कोसळला, म्हणून न्यूयॉर्कमध्यें जन्मलेला हा पंचवीस वर्षांचा तरुण त्याच्या जागीं उभा राहिला. गोरे नट तोंडाला रंग फासून ऑथेल्लो होत, तोंवर कोणाची तक्रार नव्हती. रंग फासण्याची आवश्यकता नसलेला नट येतांच मात्र ओरड झाली. लंडनच्या एका पत्रानें त्याला रंगभूमीवरून हुसकून लावण्याची मोहीम पडदा उघडण्यापूर्वींच आरंभिली. दुसऱ्या एका पत्रास गोऱ्या नटीला या माणसाचा हात लागतो हेंच असह्य झालें. दोनच प्रयोग झाले आणि ऑल्ड्रिजचा तेथील खेळ बंद पडला. पुढें युरोपांतील राजदरबारांनीं त्याचा गौरव केला, ही गोष्ट निराळी.

त्या काळीं असा निकाल जाहीर करण्यास निदान छापखाना लागे. आज त्यासाठीं बोटाचें एक टोक पुरें होतें. चित्रपटांची माहिती देणाऱ्या इंटरनेटवरील संकेतस्थळांवर कोणासहि तारका अथवा गुण देतां येतात, आणि त्या गुणांची सरासरी जगभर वाचली जाते. कल्पना मूळची चांगली. वृत्तपत्रांतील टीकाकार आणि तिकीट काढून बसलेला सामान्य प्रेक्षक यांचें मत नेहमीं जुळतेंच असें नाहीं, तेव्हां प्रेक्षकासहि स्वतःचें माप मिळावें हें न्याय्यच होतें. परंतु एखाद्या कलाकृतीवर राग धरून शेंकडों-हजारों लोकांनीं ठरवून तिला नीचतम गुण द्यावयाचे, मग ती पाहिलेली असो वा नसो, असा प्रकार गेल्या कांहीं वर्षांत वारंवार घडला आहे. इंग्रजींत त्यास 'रिव्ह्यू बॉम्बिंग' हें नांव पडलें. मराठींत अभिप्रायांचा भडिमार म्हणावें.

'कॅप्टन मार्व्हल' या अमेरिकन चित्रपटाचें उदाहरण बोधप्रद आहे. मार्व्हल संस्थेच्या चित्रमालिकेंतील हा एकविसावा चित्रपट, आणि एकट्या स्त्रीकडे नायकत्व असलेला पहिला. नायिका ब्री लार्सन हिनें १९१८ नव्हे, अगदीं अलीकडे म्हणजे २०१८ च्या जूनमध्यें एका समारंभांत भाषण केलें. नामांकित चित्रपट-टीकाकारांत बहुतेक गोरे पुरुषच आहेत, इतरांनाहि त्यांत जागा मिळावी, एवढाच त्या भाषणाचा आशय होता. त्याचा अर्थ गोऱ्या पुरुषांनीं आपले चित्रपट पाहूंच नयेत असा लावण्यांत आला. 'रॉटन टोमॅटोज' या संकेतस्थळावर त्या वेळीं एक रकाना असे : हा चित्रपट पाहण्याची किती जणांना इच्छा आहे? प्रदर्शनापूर्वींच तो आंकडा शेंकडा तिसांच्या खालीं घसरला. २५ फेब्रुवारी २०१९ रोजीं त्या संकेतस्थळानें प्रदर्शनापूर्वींचे अभिप्राय घेणें बंद केलें. ८ मार्चला चित्रपट झळकला आणि त्यानें जगभर एकशें दहा कोटी डॉलरांहून अधिक उत्पन्न मिळविलें. उत्पन्न हें गुणवत्तेचें प्रमाण नव्हे. पण 'पाहण्याची इच्छा नाहीं' या आंकड्याची किंमत मात्र त्यावरून कळते.

चित्रपटाला तारका कमी पडल्या तर निर्मात्याचें फारसें बिघडत नाहीं. बिघडतें तें माणसाचें. डिसेंबर २०१७ मध्यें 'स्टार वॉर्स' मालिकेंतील 'द लास्ट जेडाय' हा चित्रपट आला. त्यांत केली मेरी ट्रॅन हिला महत्त्वाची भूमिका मिळाली. तिचे आईबाप व्हिएतनाममधून निर्वासित म्हणून अमेरिकेंत आले होते. तिच्या रूपावर आणि वंशावर महिनोन्‌महिने इतके घाणेरडे शेरे आले कीं, २०१८ च्या जूनमध्यें तिनें इन्स्टाग्रामवरील आपला सर्व मजकूर काढून टाकला. ऑगस्टमध्यें 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्यें तिनें लेख लिहिला. शेऱ्यांपेक्षां आपण त्यांवर विश्वास ठेवूं लागलों याचेंच दुःख तिनें त्यांत मांडलें, आणि शेवटीं आपलें खरें नांव लोआन असल्याचें सांगितलें. २०१९ च्या पुढील चित्रपटांत तिच्या वाट्यास अगदीं थोडीं दृश्यें आलीं.

तथापि त्या चित्रपटावर रागावलेले सर्वच प्रेक्षक वर्णद्वेष्टे होते असें म्हणणें अन्यायाचें होईल. लहानपणापासून ज्या वीराला हृदयांत बसविलें, तो म्हातारा, हताश आणि एकलकोंडा झालेला पाहून अनेकांच्या मनाला खरोखरच चटका बसला. मॉर्टन बे या संशोधकानें दिग्दर्शकास उद्देशून ट्विटरवर लिहिलेले ९६७ संदेश तपासले. त्यांतील प्रतिकूल संदेश सुमारें पंचमांश निघाले, आणि त्या प्रतिकूलांपैकीं निम्म्याहून किंचित् अधिक राजकीय हेतूचे अथवा यंत्रानें पाठविलेले असावेत असा त्याचा निष्कर्ष होता. म्हणजे उरलेले जवळजवळ निम्मे साध्या, दुखावलेल्या प्रेक्षकांचे होते. गोंगाटांत त्यांचा आवाज ओळखूं येईनासा झाला. भडिमार करणाऱ्यांनीं नटीइतकेंच या लोकांचेंहि नुकसान केलें आहे.

सप्टेंबर २०२२ मध्यें ॲमेझॉननें टॉल्किनच्या कथासृष्टीवर आधारलेली 'द रिंग्ज ऑफ पॉवर' ही मालिका दाखविण्यास आरंभ केला. तींत एका एल्फाची आणि एका बुटक्यांच्या राजकन्येची भूमिका गौरेतर कलावंतांकडे होती, आणि पुन्हां तेंच झालें. ज्या सृष्टींत झाडें चालतात व बोलतात, तेथें एका कातडीचा रंग तेवढा अविश्वसनीय ठरावा! मालिकेची गति संथ आहे, हजारों वर्षांचा इतिहास तींत दाटून बसविला आहे, हे आक्षेप मात्र विचार करण्याजोगे होते. ॲमेझॉननें आपल्या स्थळावर आलेले अभिप्राय ७२ तास अडवून, तपासून मग प्रसिद्ध केले. खोटे अभिप्राय गाळावयाचे हा हेतु योग्य. पण माल विकणारा आणि मालाविषयींचीं मतें चाळणारा एकच. ज्या आयएमडीबी स्थळावरील गुण सर्वांत अधिक पाहिले जातात, तेंहि १९९८ पासून ॲमेझॉनच्याच मालकीचें आहे. 'रॉटन टोमॅटोज'नें २०१९ च्या मे महिन्यांत तिकीट काढल्याचा पुरावा असलेल्यांचे गुण वेगळे मोजण्यास सुरुवात केली, हा उपाय त्यांतल्या त्यांत सरळ. मात्र तें स्थळहि त्या वेळीं तिकिटें विकणाऱ्या फॅन्डँगो कंपनीकडेच होतें.

२०२३ मध्यें 'द लिटल मर्मेड' हा चित्रपट आला. मत्स्यकन्येची भूमिका हॅली बेली या कृष्णवर्णी गायिकेनें केली होती. गुणांचा ओघ नेहमींसारखा नाहीं, म्हणून सरासरी निराळ्या रीतीनें काढली आहे, अशी सूचना आयएमडीबीनें त्या चित्रपटाच्या पानावर लावली. ती रीत कोणती, हें गुप्त ठेवण्यांत आलें. उघड केली तर भडिमार करणारे तीहि चुकवितील. समुद्रांतील दृश्यें फार काळोखीं वाटलीं म्हणून ज्या कोणी प्रामाणिक प्रेक्षकानें त्याला दहांपैकीं चार गुण दिले असतील, त्याचे चार गुण मोजले गेले कीं भडिमारांत धरून बाजूस सारले गेले, हें जाणून घेण्याचा मार्ग त्याला नव्हता.