हद्द कुणाची, माणूस कुणाचा?

(होटगी स्टेशनजवळ ऊसतोडीला आलेल्या आपल्या लोकांच्या बैठकीतलं भाषण. कार्यकर्त्यांनी टिपून घेतलं तसं.)



मघाशी एका भावानं सांगितलं ते सगळ्यांनी ऐकलं. बहीण तोडीवरून बाजाराला गेली ती परतली नाही. फडाजवळच्या ठाण्यात म्हणाले, "तुम्ही बाहेरचे, गावाकडं तक्रार द्या." गावाकडं म्हणाले, "तिकडं हरवली, तिकडंच जा." तीन महिने झाले. विचारायला गेलं की, "तपास चालू आहे. गेली असेल कुणाबरोबर." होटगीला गाडी बदलते तशी पोलिसांची हद्द बदलते. माणूस काही सापडत नाही.

अश्विनी बिद्रे-गोरे तर स्वतः सहायक पोलीस निरीक्षक होती. कोल्हापूर जिल्ह्यातल्या आळत्याची लेक, नोकरी नवी मुंबईत. एप्रिल २०१६ मध्ये बेपत्ता झाली. भावानं जुलैत तक्रार दिली. गुन्हा नोंदला जानेवारी २०१७ च्या शेवटी. संशय होता पोलीस निरीक्षक अभय कुरुंदकरवर, आणि त्याच महिन्यात त्याला राष्ट्रपती पदक! अटक झाली डिसेंबर २०१७ ला, जन्मठेप एप्रिल २०२५ ला. नऊ वर्षं. देह सापडलाच नाही.

खाकीतल्या बाईच्या घरच्यांची ही गत, तर आपल्याला कोण पुसतो? पण ते हायकोर्टापर्यंत गेले, पाठ सोडली नाही, म्हणून शिक्षा झाली. आपणही पाठ सोडायची नाही.

मग काय करायचं?

ठाणे अंमलदार म्हणेल, चोवीस तास थांबा. असा कायदा नाही. पळवल्याचा, कोंडून ठेवल्याचा संशय असेल तर तक्रारीत तसं उघड लिहा. मग गुन्हा नोंदावाच लागतो, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्येच सांगितलंय. अठरा वर्षांखालचं लेकरू असेल तर पळवलंच असं धरून गुन्हा नोंदायचा. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात, कलम १७३ प्रमाणे, हद्द कुठलीही असो, कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदता येतो. प्रत फुकट मिळते. प्रत घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका. नाही म्हणाले तर तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना टपालानं पाठवा, पावती जपा. तिथंही दाद नाही लागली तर मॅजिस्ट्रेट.

कुणी म्हणेल, जमिनीच्या लढ्यात हे कशाला? अरे, वनहक्काच्या पट्ट्यावर नवरा-बायको दोघांची नावं लागतात. एक जण हरवला तर सही कोण करणार? सात वर्षं खबर नसली तर कायदा माणूस मेला असं धरतो. पण ठाण्यात नोंदच नसेल तर ती सात वर्षं कधीपासून मोजणार? माणूस गेला, मागून जमीनही अडकली.

आणि आपण इथं का आलो? दावे पडून आहेत म्हणून. पट्टा हातात असता, पाणी असतं, तर ती बहीण फडावर आली असती का?

म्हणून तोडीला निघण्याआधी ग्रामसभेच्या वहीत लिहा: कोण गेलं, कुणाच्या टोळीत, कुठल्या कारखान्याला, मुकादम कोण. फोटो ठेवा. उद्या त्या भावाबरोबर एकट्यानं नाही, पंचवीस जणांनी ठाण्यात जायचं. तपास कुठवर आला ते लेखी मागायचं.

माणूस आपला आहे. हद्द त्यांची त्यांनी बघावी.

जोहार! जिंदाबाद!