वळिवड्याची छावणी

1943 ते 1948. कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात सुमारे 5000 पोलिश निर्वासित राहत होते, त्यांत बायका-मुलंच जास्त. सोव्हिएत राजवटीने सैबेरियाकडे हद्दपार केलेली ही माणसं इराणमार्गे भारतात पोचली.

लंडनमधलं परागंदा पोलिश सरकार, ब्रिटिश हिंदुस्थान सरकार आणि कोल्हापूर संस्थान या तिघांनी हातभार लावला, म्हणून हे जमलं. पंचगंगेकाठी पोलिश शाळा भरू लागल्या, चर्च उभं राहिलं, स्काउटची पथकं निघाली.

फाळणीनंतर त्याच जागी सिंधी निर्वासित आले. त्यांनी वसवलेलं गांधीनगर आज घाऊक कापडाची मोठी बाजारपेठ आहे. पोलिश निर्वासितांना मिळालेल्या या आसऱ्याची आठवण म्हणून वॉर्सामध्ये उभारलेल्या कोल्हापूर स्मारकाला ऑगस्ट 2024 मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदींनी अभिवादन केलं.