घसा दुखतो, झडप आवळते

कुणी घरात भांडी आवरता आवरता ऐकत असाल, कुणी रानात बांधावर बसून मोबाइलवर. गटांच्या बैठकांतून एक प्रश्न आमच्याकडे फिरून फिरून आला. "अमकीच्या हृदयाची झडप बारीक झाली म्हणतात. अजून तिशीसुद्धा नाही तिची. अशी झडप बारीक होते तरी कशानं?" आज आम्ही त्याच प्रश्नावर बोलणार आहोत.

आधी झडप म्हणजे काय ते पाहू. विहिरीवरच्या मोटारीला खाली पाण्यात फूट व्हॉल्व्ह असतो. कुणी त्याला फुटबॉलही म्हणतं. तो पाणी वर जाऊ देतो, मागं येऊ देत नाही. आपल्या हृदयात अशा चार झडपा असतात. हृदय दिवसाला साधारण एक लाख वेळा ठोके देतं आणि प्रत्येक ठोक्याला या झडपा उघडतात, मिटतात. आज आपण जिच्याविषयी जास्त बोलणार, ती हृदयाच्या डाव्या बाजूला, वरच्या आणि खालच्या कप्प्याच्या मधे असते. डॉक्टर तिला मायट्रल झडप म्हणतात. तिला दोन पातळ पडदे असतात, दाराच्या दोन फळ्यांसारखे. मोठ्या माणसात हे दार पुरतं उघडलं की त्याची जागा साधारण ४ ते ६ चौरस सेंटीमीटर असते. ती दीड किंवा त्याहून कमी झाली की डॉक्टर आजार गंभीर धरतात.

आता ती आवळते कशानं? कारणं मुख्यतः तीन आहेत.

पहिलं, जन्मजात. पोटात असतानाच एखादी झडप नीट घडत नाही. दुसरं, वय. साठी-सत्तरीनंतर काही जणांच्या हृदयातून बाहेर जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीच्या तोंडाशी असलेल्या झडपेवर चुन्याचा थर बसतो. पाण्याच्या भांड्याला आतून क्षार धरतात ना, तसंच काहीसं. ती ताठ होते, नीट उघडत नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला चढ चढताना छातीत दुखत असेल, धाप लागत असेल किंवा चक्कर येऊन पडायला होत असेल, तर 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका.

तिसरं कारण मात्र आपल्या लेकी-सुनांचं आहे. तरुण बाईची मायट्रल झडप आवळलेली निघाली, तर त्याची सुरुवात बहुतेक वेळा लहानपणीच्या घशाच्या दुखण्यात असते. घशाचा आणि हृदयाचा काय संबंध, असं तुम्ही विचाराल. सांगतो.

घसा पुष्कळ कारणांनी दुखतो. सर्दी, खोकला, नाक वाहणं यांच्याबरोबर दुखतो तो बहुधा आपला आपण बरा होतो. पण एक जंतू असा आहे, स्ट्रेप्टोकोकस नावाचा, जो जास्त करून ५ ते १५ वर्षांच्या मुलांचा घसा धरतो. एकदम ताप येतो, थुंकी गिळवत नाही, घसा लालभडक होतो, गळ्याला अवधाण येतं, आणि सर्दी-खोकला फारसा नसतो. चार-पाच दिवसांत मूल खेळायला लागतं. आपण म्हणतो, बरं झालं.

शरीर या जंतूशी लढायला शस्त्रं तयार करतं. काही मुलांत ही शस्त्रं फसतात. जंतूच्या अंगाचा काही भाग आपल्या हृदयाच्या आणि सांध्यांच्या काही भागांसारखा दिसतो. मग जंतूवर उगारलेला हात आपल्याच हृदयावर पडतो. घसा बरा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी मुलाला पुन्हा ताप येतो. आज गुडघा सुजतो, दोन दिवसांनी तो उतरतो आणि घोटा धरतो, मग मनगट. याला सांधेताप म्हणतात, डॉक्टर र्‍हुमॅटिक ताप म्हणतात. एखाद्या मुलीचे हात आपोआप वेडेवाकडे हलतात, ताटली हातातून पडते, अक्षर बिघडतं. शाळेत तिला बोलणी बसतात आणि घरी कुणी सांगतं, बाहेरचं झालंय, देवऋषीकडे न्या. बायांनो, तोही याच तापाचा एक प्रकार आहे. तिला दवाखान्यात न्यायचं असतं.

सांधे बरे होतात, मागे खूण राहत नाही. झडपेचं तसं नसतं. तिला सूज येते आणि सूज उतरताना व्रण राहतो. भाजलेल्या हाताची कातडी आवळून बोटं जवळ येतात, तसे झडपेचे दोन पडदे कडेला एकमेकांना चिकटतात, जाड होतात. त्यांना खालून धरणारे दोरे आखडतात. दार उरत नाही, ब्लाउजच्या काजासारखी फट उरते.

इथं एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. एका तापानं झडप एवढी आवळते असं सहसा होत नाही. घसा पुन्हा धरला, ताप पुन्हा आला की जुन्या व्रणावर नवा व्रण बसतो. दर वेळी फट आणखी बारीक होते. म्हणजे पहिला ताप आणि आवळलेली झडप यांच्यामधे काही वर्षं असतात. ती वर्षं आपल्या हातात असतात.

त्या वर्षांत काय करायचं? पेनिसिलिनची लांब टिकणारी सुई असते. दर २१ दिवसांनी घेतली तर घसा पुन्हा धरत नाही आणि ताप उलटत नाही. हृदयाला इजा झाली असेल तर ती निदान दहा वर्षं घ्यावी लागते, काहींना चाळिशीपर्यंत, काहींना जन्मभर. किती वर्षं ते डॉक्टर ठरवतात. आधी कधी सुईची अ‍ॅलर्जी आली असेल तर ते आधीच सांगावं. सुई घेतल्यावर अर्धा तास तिथंच बसावं. झडप फार आवळलेली असून धाप लागत असेल, तर सुई द्यायची की गोळ्या, हे हृदयाच्या डॉक्टरांनाच विचारावं.

सुई दुखते, हे खरं. तारीख विसरते, हेही खरं. विसरण्यावर एक साधा उपाय आहे. गावचा बाजार आठवड्यानं भरतो. दर तिसऱ्या बाजाराला सुई, एवढंच ध्यानात ठेवा. तिसरा बाजार म्हणजे बरोबर २१ दिवस.

पण ही सुई बंद पडते ती दुखते म्हणून नव्हे. बंद पडते ती लग्न ठरलं की. पाहुण्यांना कळलं तर सोयरीक मोडेल म्हणून कागद पेटीच्या तळाला जातात. सासरी गेल्यावर सून कुणाला सांगणार, की मला दर तीन आठवड्यांनी दवाखान्यात जायचंय? आणि मग दिवस जातात.

गरोदरपणात अंगातलं रक्त जवळजवळ निम्म्यानं वाढतं, ठोके वाढतात. आधी कशीबशी चालणारी फट आता पुरत नाही. रानात दारं धरताना सरीचं तोंड कचऱ्यानं तुंबलं तर पाणी कुठं जातं? मागं पाटात साचतं, बांधावरून वाहतं. तसं रक्त मागं फुप्फुसात तुंबतं. सातव्या-आठव्या महिन्यात बाईला आडवं झोपवत नाही. रात्री उठून बसावं लागतं, खोकला लागतो, कधी थुंकीत रक्त येतं. घरचे म्हणतात, बाळ वर सरकलंय, होतं असं. गरोदरपणात थोडी धाप बहुतेकींना लागते. पण पडल्यावर जीव घुसमटणं आणि उठून बसल्यावर बरं वाटणं, हे साधं नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठा. सगळ्यात मोठा धोका बाळंतपणाच्या वेळी आणि त्याच्या पाठोपाठच्या दिवसांत असतो. म्हणून अशा बाईचं बाळंतपण मोठ्या रुग्णालयातच व्हायला हवं.

सासवांना आमचं हात जोडून सांगणं आहे. पेनिसिलिनची ही सुई गरोदरपणात आणि बाळ अंगावर पीत असतानाही चालते. सुनेला लपवायला लावू नका. तुम्हीच विचारा, "तुझा तिसरा बाजार कधी गं?"

झडप आवळलीच, तरी वाट संपत नाही. डॉक्टर आल्यानं छाती तपासतात, मग टूडी एको काढतात. ती हृदयाची सोनोग्राफी. दुखत नाही. नुसत्या पट्टीवर, म्हणजे ईसीजीवर, हा आजार कधी कधी दिसत नाही, म्हणून एको लागतो. झडप योग्य अवस्थेत असेल तर जांघेतल्या शिरेतून नळी घालून, फुगा फुगवून चिकटलेले पडदे मोकळे करता येतात. छाती उघडावी लागत नाही. हा फुगा जपानचे डॉक्टर कांजी इनोउए यांनी १९८० च्या दशकात आणला. झडप फारच खराब असेल तर बदलावी लागते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेनं तयार केलेली भारतीय झडप डिसेंबर १९९० मध्ये पहिल्यांदा रुग्णाला बसवली गेली. धातूची झडप बसवली की रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. ती गोळी पोटातल्या बाळाला बाधू शकते, म्हणून दिवस राहण्याआधी डॉक्टरांशी बोलायचं आणि मनानं गोळी बंद करायची नाही. खर्चाची धास्ती घेऊन घरी बसू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हृदयाच्या शस्त्रक्रिया बसतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो, त्याला गाठा.

हा आजार गर्दीच्या घरांत जास्त दिसतो, कारण घशाचा जंतू खोकल्या-शिंकेतून पसरतो. एका खोलीत सात-आठ जण निजतात तिथं एकाचं दुखणं सगळ्यांना लागतं. आवळलेली झडप मात्र एकाची दुसऱ्याला लागत नाही. अशा बाईचं ताट वेगळं काढायचं काहीच कारण नाही.

मग गटानं काय करावं? तीन कामं सांगतो. मुलाचा घसा तापासह दुखला आणि गिळवेना, तर हळद-मिठाच्या गुळण्या जरूर द्या, पण त्यावरच थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. दुखणं सुरू झाल्यापासून नऊ दिवसांच्या आत योग्य औषध सुरू झालं तर सांधेताप टळू शकतो. दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या तर दहाही दिवस द्या, तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून सोडू नका. दुसरं, शाळेत आणि अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक मुलं तपासायला येतं. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. सांधे सुजले होते का, दम लागतो का, ते पथकाला सांगा. तिसरं, गावात कुणाची सुई चालू असेल, तर तिच्या परवानगीनं बैठकीत विचारा, या खेपेची झाली का? कर्जाचा हप्ता चुकला तर आपण घरी जाऊन विचारतो. सुई चुकली तरी तसंच जाऊ या.

पुढच्या भागात रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीविषयी बोलू. तुमचे प्रश्न गटाच्या वहीत लिहून ठेवा. नमस्कार.